आक्का, तो माणूस हात जोडतो आणि मला तिथनं पळून जावंसं वाटतं

(पत्र लई मोठं होतं. ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देतेय, भाषा तिचीच ठेवलीय.)

‘आक्का नमस्कार. मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली, वय ३४, सध्या एका ग्रामीण रुग्णालयात कंत्राटी स्टाफ नर्स आहे. २०२१ ला मे ते ऑगस्ट कोल्हापुरात कोविड आयसीयूला होते, आधी तीन महिन्यांची ऑर्डर, मग वाढवून दिली. जूनमधल्या एका नाईटला हाय फ्लोचं (जोरात ऑक्सिजन देणारं) एकच मशीन चालू होतं, दुसरं बंद पडलेलं. चालू होतं ते चार नंबर बेडच्या आबांना लावलेलं. साठीच्या पुढचे होते, पाच दिवस झाले तरी सॅच्युरेशन वर येत नव्हतं. रात्री दोनला ३२ वर्षांचा एक मुलगा आला, एकदम शेवटाला टेकलेला. आमच्या डॉक्टरांनी सिनियरना फोन लावला आणि मग मला म्हणाले, सिस्टर मशीन इकडं घ्या. मी काढलं, आबांना एनआरबीएम (पिशवीचा साधा ऑक्सिजन) मास्क लावला. काढताना त्यांनी माझं मनगट धरलं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते गेले. त्या मुलाचं पुढं काय झालं माहीत नाही, माझी ड्युटी बदलली आणि मी कुणाला विचारलं पण नाही.

आबांचा मुलगा आठवड्याच्या बाजारात भेटतो. दरवेळी हात जोडतो, सिस्टर तुम्ही आबांसाठी लई केलासा म्हणतो. मी रोज माझ्या मोबाईलवरनं त्यांचा व्हिडिओ कॉल लावून द्यायचे, बाकी काय केलं मी? गेल्या खेपेला त्यानं माझ्या पिशवीत एक किलोचा गुळाचा रवा (छोटी ढेप) घातला, नको म्हणलं तरी. तो रवा फडताळात तसाच आहे. फोडता येत नाही आणि कुणाला देता पण येत नाही. सासूबाई विचारतात हा कशाला ठेवलायस, मी दुकानातनं दुसरा गूळ आणते.

मागच्या महिन्यात आमच्याकडं मॉक ड्रिल झालं. मॉनिटरचा अलार्म वाजवला आणि माझे हात गार पडले, सलाईनच्या स्टँडला धरून उभी राहिले. इन्चार्ज सगळ्यांसमोर म्हणाल्या, एवढी जुनी स्टाफ आणि असं काय. मिस्टर म्हणतात सोड ती नोकरी, कंत्राटीच तर हाय. मी वेडी झालेय का? नोकरी सोडू का? त्या माणसाला खरं सांगू का?’

पोरी, तुझं पत्र तीनदा वाचलं. प्रश्न तीन विचारलेस, पण मूळ पत्रात नोकरीवर दीड ओळ आहे आणि त्या गुळावर जवळजवळ पान. म्हणजे तुला खरं काय विचारायचंय ते मला कळलंय.

पण आधी माझं सांगून टाकते, नाहीतर तुला वाटेल ही आक्का मोठी शहाणी, बाहेर बसून सांगतेय. मी चौतीस वर्षं सरकारी नोकरी केली, शेवटची नऊ वर्षं इन्चार्ज, २०१८ ला रिटायर झाले. २०२० ला जुन्या स्टाफला फोन यायला लागले, या म्हणून, माणूस कमी पडतंय. मला पण आला. मला शुगर, बीपी, पोरानं फोन हातातनं काढून घेतला आणि मी पण काढून घेऊ दिला, खरं सांगते. नाही गेले. गच्चीत उभं राहून ॲम्ब्युलन्स मोजत बसायचे. ह्या साथीत तू आत होतीस आणि मी बाहेर होते हे डोक्यात ठेवूनच पुढचं वाच, आणि पटलं नाही तर सोडून दे.

आता त्या रात्रीचं. तू लिहितीस ‘मी काढलं’. ते वाक्य नेमकं कर्त्यासकट लिहिलंयस, बाकी किती तरी आपोआप झाल्यासारखं, मशीन बंद पडलेलं, ऑर्डर वाढवून दिली, ड्युटी बदलली. कुणी बंद पाडलं, कुणी दुरुस्त केलं नाही, कुणी बदलली, त्याला कोणी धनीच नाही. धनी फक्त तुझ्या हाताला. हे मला लई खटकलं बघ.

वाचणाऱ्या बाकीच्यांना कळावं म्हणून थोडा हिशोब मांडते, तुला तो पाठच असणार. हाय फ्लोचं मशीन फुल्ल लावलं की मिनिटाला ६० लिटरपर्यंत ऑक्सिजन ओढतं. जम्बो सिलिंडर असतो तो ७ घनमीटरचा, म्हणजे ७००० लिटर. करा भागाकार, दोन तास पण पुरत नाही एका माणसाला. तोच साधा एनआरबीएम मास्क १५ लिटरवर ठेवला तर तोच सिलिंडर साडेसात तासांच्या वर जातो. म्हणजे त्या वेळी प्रत्येक वॉर्डात नुसता मशीन किती हा सवाल नव्हता, टाकीत किती आहे, टँकर कुठवर आलाय, रात्री प्रेशर पडलं तर काय, हे सगळं त्या एका नळीला लटकलेलं होतं. आणि ते सगळं रात्री दोन वाजता येऊन कुणाच्या अंगावर पडायचं, तर पंचविशीतल्या एका डॉक्टरच्या आणि तीन महिन्यांच्या ऑर्डरवरच्या एका सिस्टरच्या. आयसीयूत सिरीयस पेशंटला एक नर्स एकाच पेशंटला असं नर्सिंग कौन्सिलचं माप आहे, आम्ही शिकताना घोकलेलं. तुला त्या रात्री किती बेड होते ते तू लिहिलं नाहीस, मी विचारत पण नाही.

आणि ही काय एकदम आभाळातनं पडलेली गोष्ट नव्हती. पहिली लाट २०२० च्या शेवटाला ओसरली तेव्हा आपल्या हातात काही महिने होते. त्या महिन्यांत काय झालं, तर राज्यभर कोविडसाठी घेतलेल्या पोरा-पोरींना ऑर्डर संपली म्हणून घरी बसवलं, आणि दुसरी आल्यावर परत त्यांनाच फोन. मशीन मिळाली त्यातली किती तरी दुरुस्तीच्या माणसाविना पडून, कारण मशीन द्यायला फोटो निघतो, ते दुरुस्त करायला येणाऱ्या टेक्निशियनचा निघत नाही. त्यात आपल्या जिल्ह्याचं नशीब बघ, जून-जुलैला बाकीचा महाराष्ट्र खाली यायला लागला, पुण्या-मुंबईची लोकं हॉटेलात बसायला लागली आणि आपल्या कोल्हापूर-सांगली-साताऱ्यात आकडा हलायचं नाव घेईना, आणि तसल्यात जुलैच्या २२-२३ ला पूर. पंचगंगा ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून गावात, शिरोलीजवळ हायवे बंद. माझी एक जुनी ज्युनियर तेव्हा कोविड वॉर्डात होती, तिची रिलीव्हर पाण्याच्या पलीकडं अडकली, हिनं मॉर्निंग केली, ईव्हनिंग केली, नाईट केली, परत मॉर्निंग केली, आणि नंतर मला म्हणाली, आक्का, शेवटाला ओव्हर (वॉर्डचा चार्ज) द्यायला समोर माणूस दिसलं आणि मला पेशंटची नावंच आठवेनात, मी नुसतं बेडकडं बोट दाखवत गेलो. (आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, आलो-गेलो, बाहेरच्यांनी हसू नये.)

तर सांगायचं हे, की दोन माणसं आणि एक मशीन ही वेळ त्या रात्रीपुरती तयार झाली नव्हती, ती वर्षानुवर्षं साठत आलेली उधारी होती. जिनं काहीच घेतलं नव्हतं ती नेमकी त्या वेळी दुकानात उभी, म्हणून वहीत नाव तुझं. आणि तू पण खुळ्यासारखी दर आठवड्याला बाजारात जाऊन त्याचं व्याज भरतीयस.

मला माहीत आहे तू काय म्हणशील, पण आक्का मनगट तर माझंच धरलं होतं. व्हय, तुझंच. ते मी पुसू शकत नाही. तुझा दोष नाही असं मी शंभरदा लिहिलं तरी ते मनगट तसंच राहणार, म्हणून ते वाक्य मी लिहितच नाही.

दोन-तीन गोष्टी मात्र अशा आहेत ज्या तू स्वतःला नीट सांगितलेल्या नाहीस. पाच दिवस हाय फ्लोवर राहून ज्याचं सॅच्युरेशन चढत नाही त्या पेशंटचं काय असतं ते तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, तू बघितलंयस. मशीन राहिलं असतं तर आबा राहिले असते असं तू गृहीत धरलंयस, आणि त्याच्या उलट पण मी म्हणत नाही, कोणीच छातीठोक सांगू शकत नाही. दुसरं, कुणाला आधी हे डॉक्टरांनी ठरवलं, सिनियरला विचारून ठरवलं, आणि तू नाही म्हणून अडून बसली असतीस तर आज ३२ वर्षांच्या त्या पोराची आई तुझ्या स्वप्नात आली असती. त्या मुलाचं काय झालं ते तू विचारलं नाहीस. आता रजिस्टर उकरायला जाऊ नकोस. तो वाचला म्हणून तू बरोबर ठरत नाहीस आणि गेला म्हणून चूक ठरत नाहीस, त्या रात्री दोन वाजता तुमच्याकडं जेवढं कळलेलं होतं तेवढ्यावर तुम्ही केलंत.

‘वेडी झालेय का’ तर नाही. कुणाला आधी हात लावायचा हे ठरवण्याला ट्रायज म्हणतात हे तुला माहीत आहे, तो रणांगणावरनं दवाखान्यात आलेला शब्द. तुला जे झालंय त्याला पण एक शब्द आहे, तो पण आधी सैनिकांसाठी वापरायचे, मॉरल इन्ज्युरी. आपल्या मनाला जे बरोबर वाटतं त्याच्या विरुद्ध काहीतरी करायची किंवा नुसतं बघत राहायची वेळ येते आणि ते आत सलत राहतं, तसलं दुखणं. कोविडमधे तो शब्द डॉक्टर-नर्सेससाठी जगभर वापरायला लागले. नुसता थकवा वेगळा, त्याला बर्नआऊट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेनं तर २०१९ लाच सांगितलंय की तो आजार नाही, कामाच्या जागी ताणाचा बंदोबस्त झाला नाही की होणारी गोष्ट आहे. म्हणजे थकली सिस्टर तर औषध दवाखान्याच्या ड्युटी लिस्टला पाहिजे. आमच्याकडं उलटं चालतं, ड्युटी लिस्ट तीच आणि सिस्टरला योगाचं शिबीर.

पण अलार्म वाजला आणि हात गार पडले, स्टँड धरावा लागला, हे मी थकव्यात धरणार नाही. ते दाखवायला पाहिजे. तू रोज दुसऱ्यांना सांगतीस ना, अंगावर काढू नका, तेच तुला. तुला वाटत असेल मानसोपचारच्या ओपीडीला बसले आणि ओळखीच्या कुणी बघितलं तर जिल्हाभर होईल, तर आधी फोन कर. १४४१६, टेलिमानस, मनाच्या दुखण्यासाठीचा फोन, सरकारचाच आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात, नाईटला जेवणाच्या सुट्टीत पण लागतो. मग कोल्हापूरच्या सीपीआर दवाखान्यात जायचं का मिरजेला जायचं ते बघ, मिरजेच्या सरकारी दवाखान्यात तुला कोण ओळखणार. आणि गोळ्या दिल्या तर घे. नर्स असून गोळ्यांना नाक मुरडणाऱ्या मी लई बघितल्यात.

तुझ्या इन्चार्जबद्दल तू जास्त लिहिलं नाहीस, पण ते ‘एवढी जुनी स्टाफ आणि असं काय’ वाचून मी अर्धा दिवस गप्प होते. कारण ते वाक्य माझं आहे गं. २००९, स्वाईन फ्लू, मी तेव्हा एका दवाखान्यात आयसोलेशन वॉर्डला. मास्क मोजून, किट तर नावाला, एक बाळंतीण आमच्याकडं गेली आणि माझी एक नवीन पोरगी लिनन रूममधे जाऊन रडायला लागली. मी तिला दारातनं म्हणलं, रडायचंच होतं तर नर्सिंग कशाला घेतलंस, शाळेत शिकवायचं होतं. सगळ्यांच्या समोर. मला वाटलं मी तिला घट्ट करतेय. तिनं दोन महिन्यांत राजीनामा दिला. आता गंगावेशीकडं तिचं शिलाईचं दुकान आहे, मी ब्लाऊज तिच्याकडंच टाकते, बरी चाललीय. एकदा मी धीर करून विचारलं, माझ्यामुळं सोडलंस का. ती म्हणाली, नाही ओ, तुम्ही बोललासा म्हणून नाही, तुम्ही बोलून लगेच पुढच्या बेडला गेलासा म्हणून. तिनं माप घेत घेत सांगितलं आणि मी हात वर करून उभी. म्हणून सांगते, इन्चार्जला एकदा एकटीला गाठून सांग की मला अलार्मनं असं होतं. बाई खडूस असेल तर असेल, पण निम्म्या खडूस इन्चार्ज ह्या माझ्यासारख्या असतात, स्वतःचं झाकायला दुसऱ्याला ओरडणाऱ्या. थोडे दिवस ओपीडी नाहीतर लसीकरण माग.

आणि एक काम कर जे तुला सुचलेलं दिसत नाही. त्या डॉक्टरला फोन कर. अख्ख्या पत्रात त्याला नाव नाही, चेहरा नाही, नुसता एक आवाज, मशीन इकडं घ्या. तो पण तेव्हा पोरगाच असणार. त्या खोलीत शुद्धीवर असलेली, सगळं कळलेली तुम्ही दोघंच होतात, आणि मला लेखी द्यायला सांग, त्यानं पण हे कुणाला सांगितलेलं नसणार. ‘सर, त्या चार नंबर बेडचं तुम्हाला आठवतं का’ एवढंच विचार. पुढचं तोच बोलेल.

आता नोकरी. सोडायची तर सोड, मी काय शपथा घालणारी बाई नाही. शिलाईवाली सुखात आहे हे मी आत्ताच सांगितलं. फक्त हात गार पडायला लागलेत त्या महिन्यात ठरवू नकोस. आधी उपचार सुरू कर, चार-सहा महिने जाऊ देत, मग बघ काम नकोय का नुसती भीती नकोय. आणि राहायचं ठरवलंस तर गप्प राहू नकोस. स्टाफ कमी आहे, एका नाईटला एकटीनं एवढे बेड होत नाहीत, अलार्म बिघडलाय, मशीन बंद आहे, जे असेल ते कागदावर लिहून द्यायचं, पोच घ्यायची, एक कॉपी घरी. तोंडी सांगितलेलं हवेत जातं आणि चौकशी लागली की पहिल्यांदा स्टाफचीच सही शोधतात, मी भोगलंय. एकटीनं देऊ नकोस, चौघी-पाचजणींच्या सह्या घे, संघटना असेल तर तिच्या मार्फत.

लोक म्हणतील सेवेत असून कसले कागद. २०२१ च्या जूनला, लाट चालू असताना, राज्यातल्या ७० हजारांच्या आसपास आशाताई संपावर गेल्या तेव्हा पण म्हणले होते, ही काय वेळ आहे का. दारोदार फिरून ऑक्सिमीटर लावायचं काम त्याच करत होत्या आणि हातात काय पडत होतं ते सगळ्यांना माहीत. आठवड्याभरात १००० रुपये मानधन वाढलं आणि वर ५०० कोविड भत्ता. लई काय मोठी रक्कम नाही, पण बसून राहिल्या असत्या तर ती पण मिळाली नसती. दुसऱ्या वर्षी त्याच आशांना जागतिक आरोग्य संघटनेचा पुरस्कार मिळाला आणि तेव्हा ही काय वेळ आहे का म्हणणारेच हार घेऊन पुढं.

हाराचं मला वावडं नाही बरं का. २२ मार्चला आमच्या गल्लीत थाळ्या वाजल्या तेव्हा मी पण वाजवली, ३ मे ला हेलिकॉप्टरमधनं दवाखान्यांवर फुलं टाकली ती टीव्हीवर बघताना डोळ्यांत पाणी आलं. पण कोविड योद्धा म्हणून फ्रेम दिली की हिशोब मिटला असं जे धरतात ना त्याचा राग येतो. तुमच्यासारख्यांच्या सत्काराला भाषणात दरवेळी सावित्रीबाई येतात, आजच्या सावित्रीच्या लेकी वगैरे. अरे पण सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करता करता प्लेगानंच गेल्या हे पण सांगा की. त्याच वर्षी इंग्रजांनी साथीचा कायदा केला, चार कलमांचा. त्यात लोकांची घरं तपासायचे, गाड्या अडवायचे अधिकार आले, पण रुग्णाला हात लावणाऱ्या माणसाला कोणी हात लावला तर काय, हे त्या कायद्यात यायला २०२० उजाडलं. १२३ वर्षं! आता साथीच्या काळात आरोग्य कर्मचाऱ्यावर हल्ला केला तर ३ महिने ते ५ वर्षं शिक्षा आहे, दंड ५० हजारांपासनं २ लाखांपर्यंत, जबर दुखापत असेल तर ७ वर्षांपर्यंत. पाठ करून ठेव, कधी लागेल सांगता येत नाही. विमा पण काढला होता सरकारनं, कोविड ड्युटीत मृत्यू झाला तर ५० लाख. जगात २०२० च्या जानेवारीपासनं २०२१ च्या मे पर्यंत ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्य कर्मचारी कोविडनं गेले असतील असा अंदाज आहे, म्हणजे विमा पाहिजेच होता, त्यात वाद नाही. पण मेल्यावर ५० लाख आणि जिवंत असताना तीन महिन्यांची ऑर्डर, हे गणित मला तरी अजून सुटलेलं नाही.

हा पॅरा तुझ्या मिस्टरांना वाचायला दे. जावईबापू, ‘कंत्राटीच तर हाय’ हे परत म्हणू नका. ऑर्डर कंत्राटी होती, रात्री कंत्राटी नव्हत्या. तिला विसर म्हणून सांगू नका, आणि काय झालं काय झालं म्हणून खोदून पण विचारू नका. नाईट करून आली की पोरांच्या शाळेचा डबा तुम्ही करा आणि मोटर, टीव्ही, मिक्सर दुपारपर्यंत बंद ठेवा, झोप ही तिची अर्धी ट्रीटमेंट आहे. पहिल्यांदा मिरजेला जाईल तेव्हा सोबत जा, बाहेर बाकड्यावर बसा, मोबाईल खिशात.

आता तो माणूस. खरं सांगू का?

बाजारात नाही. भाजीच्या पाटीपाशी, चार लोकांत, तो हात जोडून उभा असताना तू त्याला सांगणार की तुझ्या बापाचं मशीन मी काढलं, आणि मग तो पिशवी घेऊन घरी जाणार, तुझं ओझं हलकं झालं आणि त्याचं सुरू झालं. आणि त्यात दुसऱ्या पेशंटची गोष्ट येते, कोण होता, किती वर्षांचा, ते सांगायचा तुला अधिकारच नाही, ते तू शिकलीयस. त्यामुळं आपणहून जाऊन कबुली द्यायची नाही, ही माझी साफ बाजू.

पण तो कधी विचारेल. विचारतात माणसं, दोन वर्षांनी, पाच वर्षांनी, सिस्टर, आबांचं शेवटी काय झालं ओ. तेव्हा खोटं बोलू नकोस, आणि काय त्रास झाला नाही, झोपेत गेले असलं गोड पण काही नको. त्याच्या घरी जा, बस, पाणी पी आणि सांग, ‘दादा, मशीन कमी होती, माणसं कमी होती, आबा पाच दिवस हाय फ्लोवर होते तरी उतार पडत नव्हता, मग डॉक्टरांनी ते काढून मास्क लावायचं ठरवलं आणि मीच काढलं, त्यांनी माझा हात धरला होता.’ एवढंच. पुढं तो रडेल, चिडेल, कदाचित म्हणेल माझ्याच बापाचं का काढलं. चिडू दे. तो हक्क त्याचा आहे, फक्त राग कुठं काढायचा एवढीच त्याची चूक होऊ शकते, तेव्हा एकटी जाऊ नकोस, जावईबापूंना घेऊन जा.

आणि एक विचारू? तो हात कशासाठी जोडतो असं तुला वाटतं? मशीनसाठी? त्याला मशीनचं काही माहीत तरी आहे का? तो बाहेर, गेटवर, मांडवात सतरंजीवर बसलेला असणार, आत कोणाला सोडत नव्हते. त्याच्यासाठी आबा म्हणजे रोज तुझ्या मोबाईलवर दिसणारी पाच मिनिटं. मास्क लावलेलं तोंड, थोडं हाललेलं, आवाज येतोय का आबा, आवाज येतोय का, आणि स्क्रीनच्या कडेला ग्लोव्ह घातलेलं तुझं बोट. हजारो माणसं त्या वर्षी आपल्या बापाला परत न बघता बाहेरच्या बाहेर गमावून बसली. ह्याला ती पाच-पाच मिनिटं मिळाली, तुझ्या डेटा पॅकवर. तू लिहितीस ‘बाकी काय केलं मी’ आणि त्याच वाक्याच्या सुरुवातीला केलेलं लिहून ठेवलंयस. गूळ त्याचा आहे तो.

गूळ म्हणजे शेतकऱ्याच्या घरचा, म्हणजे त्यात तुरटी-पावडर नसणार, म्हणजे पावसाळा लागला की त्याला पाणी सुटणार आणि फडताळात मुंग्या होणार. मिरगाच्या आत फोड. बत्त्यानं नाही, तुकडे उडतात, जाड फडक्यात गुंडाळ आणि वरवंट्यानं हळू मार. निम्मा सासूबाईंच्या चहाच्या डब्यात घाल, आणि एक खडा पर्समधे ठेव, नाईटला साखर कमी झाल्यासारखं होतं पहाटे चारला, तेव्हा तोंडात टाकायला.

मिरजेला जाऊन आलीस की कळव.

– आक्का